मृगाच्या आत परत

आमच्या आखाडा बाळापुरात हिमालयाला जायचं ठरतं ते हळदीच्या पट्टीवर. माघ-फाल्गुनात हळद निघते, शिजते, चैत्रभर वाळते आणि पॉलिश होऊन वसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या बाजारात जाते. पट्टी हातात पडली आणि भाव बरा लागला, की घरातली म्हातारी माणसं बद्री-केदारचा विषय काढतात. निघायची तारीख पुढंमागं होते, परत यायची मात्र कोणी न सांगता ठरलेली असते: मृग लागायच्या आत. जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागला की बियाणं, खत, पाळी, पेरणी. त्या दिवसांत घरचा कर्ता माणूस गावाबाहेर असेल तर लोक नावं ठेवतात.

दुसरं टोक तिकडच्या देवांनी बांधून दिलंय. अक्षय तृतीयेला आमच्याकडं केळी-करा पुजून पितरांना पाणी देतात, त्याच दिवशी गंगोत्री-यमुनोत्रीची कपाटं उघडतात. केदारनाथची तारीख महाशिवरात्रीला उखीमठात जाहीर होते, बद्रीनाथची वसंत पंचमीला नरेंद्रनगरच्या राजवाड्यात. अक्षय तृतीया ते मृग, एवढीच आमची सवड. याच दिवसांत आमच्या विहिरी तळ गाठतात, कयाधूच्या पात्रात वाळू उघडी पडते आणि तिकडं बर्फ वितळून नद्या दुथडी वाहतात. मे महिन्यात भर दुपारी खळाळणारी नदी बघून आमच्या आज्या गाडीतून हात जोडतात त्याला भक्तीइतकंच हेही कारण आहे.

मी यात्रा गाडीचा ड्रायव्हर. कळमनुरी, बाळापूर, वारंगा फाटा, हदगाव या पट्ट्यातली माणसं घेऊन उन्हाळ्यात वर जायचो. आता स्टिअरिंग मुलाकडं आहे. पहाडात दरड कोसळून गाडी अडकली की ड्रायव्हरला दुसरं काम नसतं. चहाच्या टपरीवाल्याला, बुलडोझरवाल्याला, तिथल्या जुन्या पंड्याला मी एकच विचारत आलो: हा रस्ता कोणी केला, आणि कोणासाठी? गावी आल्यावर त्याच प्रश्नापायी पुस्तकं धुंडाळली. जे कळलं ते सांगतो.

उत्तरेला निघायची सवय या मुलखाला जुनी आहे. आमच्या जिल्ह्यातल्या नर्सीचे नामदेव महाराज, जन्म १२७०, पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांची एकसष्ट पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी जणांनी ते गाव पहिल्यांदा नकाशात शोधलं. उलट्या दिशेनं गुरु गोविंदसिंग दक्षिणेत आले आणि १७०८ मध्ये नांदेडला त्यांनी देह ठेवला. बद्रीनाथच्या वाटेवर गोविंदघाट लागतं, तिथून हेमकुंड साहिबला पायवाट जाते. गुरूंनी आदल्या जन्मी जिथं तप केलं ती हीच जागा, असं शिखांनी १९३० च्या दशकात ठरवलं. गोविंदघाटच्या लंगरमध्ये आम्ही 'नांदेडहून आलो' म्हटलं की वाढणारा थांबतो, 'हजूर साहिब!' म्हणतो आणि ताटात आणखी एक पोळी टाकतो.

माझ्या आजोबांच्या लहानपणी, निजामाच्या राज्यात, बद्री-केदारला जाणं म्हणजे निरवानिरव करून निघणं. देण्याघेण्याचा हिशेब मिटवायचा, जमिनीची वाटणी सांगून ठेवायची, लेकीबाळींना भेटून यायचं. आला तर आपला, नाही आला तर देवाचा. म्हणून जो परत येई त्याचं मावंदं व्हायचं. गंगेचे गडू पुजून गावजेवण. त्याआधीच्या काळात तर सगळंच पायी. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडले, सगळं लुटलं गेलं, तरी गंगेची कावड खांद्यावर घेऊनच घरी आले. 'माझा प्रवास'मध्ये त्यांनी ते लिहून ठेवलंय. पुढं आगगाडी आली. हरिद्वारला ती १८८६ मध्ये पोचली. नांदेडवरून मनमाडला जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि १९१२ मध्ये पूर्णेहून हिंगोलीला फाटा आला. आमच्या मुलखातला माणूस गाडी बदलत बदलत हरिद्वारला उतरू लागला. पण खरी यात्रा तिथून पुढं होती.

हृषीकेशपासून बद्रीनाथ सुमारे तीनशे किलोमीटर. दिवसाला पंधरा किलोमीटर धरले तरी वीस दिवसांची चाल. ही पायवाट मात्र यात्रेकरूंसाठीच झाली होती. गढवालमध्ये पूर्वीपासून काही गावांचा वसूल बद्री-केदारच्या यात्रेकरूंच्या सदावर्तासाठी राखून ठेवलेला असे. १८१५ नंतर इंग्रजांचा अंमल आला. कुमाऊँचा कमिशनर ट्रेल यानं १८२७ पासून याच सदावर्ताच्या पैशातून यात्रेचा रस्ता बांधायला घेतला. म्हणजे पहिला नीट रस्ता झाला तो धर्माच्या पैशातून.

त्या वाटेवर दर काही कोसांवर चट्टी असायची. गवतानं शाकारलेली लांब पडवी, एक दुकान, जवळ पाण्याचा झरा. दुकानदाराकडून शिधा घेतला की झोपायला जागा आणि स्वयंपाकाला भांडी फुकट. ज्याच्याकडं शिध्यापुरतेही पैसे नसत त्याच्यासाठी काली कमलीवाले बाबांची क्षेत्रं होती. काळी घोंगडी पांघरणाऱ्या या स्वामींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हृषीकेशपासून वरपर्यंत अन्नछत्रं आणि धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्याही शंभर वर्षं आधी आपल्या चौंडीच्या अहिल्याबाई होळकरांनी बद्री आणि केदारला धर्मशाळा बांधवल्या होत्या. आजही तिकडचा एखादा म्हातारा पंडा आमची गाडी महाराष्ट्राची आहे बघून पहिलं नाव अहिल्याबाईंचं घेतो.

चट्टीवर नुसती विश्रांती नव्हती. १९१८ ते १९२६ या काळात रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यानं या भागात सव्वाशे माणसं मारली. पडवीत दाटीवाटीनं झोपलेल्या यात्रेकरूंतून तो माणूस उचलून न्यायचा. जिम कॉर्बेटनं २ मे १९२६ ला गुलाबरायजवळ त्याला मारलं, तेही यात्रेच्या वाटेवरच. आता तिथं स्मारक आहे. मी गाडी हळू करून दाखवायचो, मागून हमखास प्रश्न यायचा, 'मामा, आता हायेत का हो बिबटे?'

या वाटेची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १८९३ मध्ये बिरही गंगेच्या खोऱ्यात डोंगर कोसळला, नदी अडली आणि मागं गोहनाचा मोठा तलाव भरू लागला. तिथल्या इंजिनिअरांनी हिशेब मांडला की पुढच्या पावसाळ्यात हा बांध फुटणार. त्यांनी तलावापासून खालपर्यंत तारेची लाईन टाकली, झुलते पूल आधीच सोडवून घेतले, खोऱ्यातली माणसं उंचावर हलवली. १८९४ च्या ऑगस्टअखेर, हिशेबाप्रमाणेच, बांध फुटला. गढवालचं श्रीनगर वाहून गेलं. बंदी मोडून खाली परतलेला एक फकीर आणि त्याचं कुटुंब एवढीच माणसं गेली. मोबाईल नव्हता, उपग्रह नव्हता. डोंगराकडं वर्षभर लक्ष देऊन बसलेली माणसं होती.

गंगोत्रीच्या बाजूचा इतिहास वेगळा आहे. तिथलं देऊळ बांधलं गुरख्यांचा सेनापती अमरसिंग थापा यानं. गोमुखाला मे १८१७ मध्ये कॅप्टन हॉजसन पोचला आणि बर्फाच्या कमानीखालून बाहेर पडणारी गंगा त्यानं नोंदवून ठेवली. पुढं हर्सिलला फ्रेडरिक विल्सन नावाचा साहेब येऊन बसला. टिहरीच्या राजाकडून त्यानं जंगलाचा ठेका घेतला, देवदार तोडले आणि ओंडके भागीरथीत सोडून खाली नेले. उत्तरेतल्या रेल्वेच्या रुळांखाली ते स्लीपर म्हणून गेले. भैरवघाटीच्या भयाण दरीवर त्यानं झुलता पूल टाकला, तो आपल्या धंद्यासाठी. त्यावरून यात्रेकरूही जात. तो पूल गेल्यावर दरीच्या अलीकडच्या लंका नावाच्या ठिकाणापर्यंत मोटार, तिथून दरीत उतरायचं, पलीकडं चढायचं आणि मग दुसरी मोटार, असं फार वर्षं चाललं. आताचा पक्का पूल १९८० च्या दशकातला. माझ्या आधीच्या ड्रायव्हरांनी लंकेत गाडी उभी करून लोकांची वाट बघत रात्री काढल्यात.

मोटारीचा रस्ता खरा वाढला तो मात्र देवासाठी नाही. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि आमचा मराठवाडा त्यात आला. त्यानंतर सहाच दिवसांनी, ७ मे १९६० ला, सीमा सडक संघटना स्थापन झाली. दोन वर्षांनी चीनशी युद्ध झालं. बद्रीनाथच्या पुढचं माणा म्हणजे सरहद्दीच्या अंगचं गाव. तिथपर्यंत फौजेचे ट्रक गेले पाहिजेत म्हणून डोंगर फोडले गेले. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, विष्णुप्रयाग, पाची संगम एका डांबरी पट्टीवर आले. फौजेच्या मागोमाग आम्ही यात्रावाले त्या रस्त्यावर चढलो. पायवाट होती यात्रेकरूची. मोटाररस्ता फौजेचा, आपण त्यावर पाहुणे. पाहुण्यानं घरच्यासारखं वागू नये, एवढं मी माझ्या क्लीनरांना शिकवत आलो.

पहाडात गाडी चालवायचे नियम साधे आहेत. ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर गाडी सोडली की ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागत नाही. चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट. लायसन्सवर पहाडाची नोंद, गाडीला ग्रीन कार्ड. अंधार पडला की चाक बंद. जोशीमठ ते बद्रीनाथ फार वर्षं गेट असायचं, ठरल्या वेळी इकडच्या गाड्या सुटायच्या, मग तिकडच्या. सिरोबगड, पागल नाला, लामबगड ही नावं तिकडचा प्रत्येक ड्रायव्हर जपासारखी घेतो, कारण तिथं डोंगर कधी खाली येईल याचा नेम नाही. बद्रीनाथच्या अलीकडं कंचनगंगेला मेच्या सुरुवातीला रस्त्याच्या दोन्ही अंगांना बर्फाच्या कापलेल्या भिंती असतात. तिथं गाडी थांबवायची नसते, पण गाडीतल्या बायका खिडकीतून हात काढून बर्फ खरवडायचं सोडत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. जुन्या यात्रेत दोन गोष्टी आपोआप होत होत्या, त्यांना कोणी नियम म्हणत नव्हतं. एक म्हणजे सावकाश चढणं, दुसरी म्हणजे मृगाच्या आत परतणं.

सावकाशीचं आधी. आमचं गाव समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्याही खाली. बद्रीनाथ एकतीसशेवर, केदारनाथ ३,५८३ मीटरवर. तिथं हवा विरळ. आमचा आचारी हे विज्ञान न शिकता ओळखायचा. बद्रीनाथला पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळं उघड्या पातेल्यात तूरडाळ तासन्‌तास ठेवली तरी दाणा राहतो. पहिल्या खेपेनंतर त्यानं कुकरशिवाय डाळ लावली नाही, आणि वरच्या मुक्कामाला घरून आणलेले धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी काढायचा. डाळीचं जे होतं तेच माणसाचं. वीस दिवस चालत गेलेल्याचं रक्त, फुप्फुस त्या उंचीला जुळवून घ्यायचं. आम्ही सकाळी हृषीकेश सोडतो, रात्री जोशीमठ, दुसऱ्या दिवशी दुपारी बद्रीनाथ. केदारला तर हेलिकॉप्टरनं काही मिनिटांत नेतात. सत्तरीचा शेतकरी, आयुष्यभर नांगर धरलेला, तिथं चार पावलांत धापा टाकतो तेव्हा त्याला वाटतं देव रागावला. मी सांगायचो, 'बाबा, देव नाही, घाई.'

दुसरं मृगाचं. १९७० च्या २० जुलैला अलकनंदेला महापूर आला. बेलाकुचीत रस्त्यावर उभा असलेला बसगाड्यांचा तांडा त्या पुरात गेला. ड्रायव्हर लोकांत ही आठवण अजून सांगितली जाते. वरची झाडं तोडल्यानं हे झालं, हे तिथल्या गावांनी ओळखलं; १९७४ मध्ये रैणीच्या गौरादेवी आणि त्यांच्या गावच्या बायका झाडांना मिठ्या मारून उभ्या राहिल्या त्यामागं ही आठवण होती. २०१३ मध्ये मोसमी पाऊस नेहमीपेक्षा महिनाभर आधी, १६ जूनलाच, अख्ख्या देशावर पसरला. त्याच रात्री आणि दुसऱ्या सकाळी केदारनाथवर पाणी कोसळलं, चोराबारी हिमनदीच्या तोंडाशी साठलेला तलाव फुटला. रामबाडा होतं की नव्हतं असं झालं. देवळामागं एक प्रचंड शिळा अडकली आणि देऊळ वाचलं. आमची गाडी त्या वर्षी मृगाच्या आधी गावात आली होती, पेरण्यांची तयारी चालू होती. दूरदर्शनवर ती चित्रं बघताना माझ्या गाडीतून नुकत्याच आलेल्या माणसांनी कपाळाला हात लावले. २०२५ च्या ५ ऑगस्टला गंगोत्रीच्या वाटेवर धराली चिखलाखाली गेलं, तेव्हा महाराष्ट्रातले यात्रेकरू तिकडं अडकले होते.

गोहनाचा तलाव ऑगस्टात, बेलाकुची जुलैत, केदारनाथ जूनच्या मध्यावर, धराली ऑगस्टात. रैणीवरच फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेला लोंढा तेवढा वेगळा. तो वरचा कडा बर्फासकट कोसळून आला. बाकी सगळं पावसाळ्यातलं. आमच्या आजोबांनी पेरणीसाठी घातलेला दंडक पहाडालाही लागू पडला. त्यांना हिमनदी म्हणजे काय ठाऊक नव्हतं. त्यांचा हिशेब वावराचा होता, पण तोच माणसं वाचवून गेला.

आता गाडीत बसणाऱ्यांत शेतकरी कमी आणि पगारदार जास्त. त्यांना मृगाशी देणंघेणं नाही. रजा मिळेल तेव्हा निघतात. मेमध्ये गर्दी असते म्हणून जुलै धरतात, खोल्या स्वस्त मिळतात. त्यात डिसेंबर २०१६ मध्ये चारधाम महामार्गाचं भूमिपूजन झालं. आठशे एकोणनव्वद किलोमीटर रस्ता रुंद करायचा. चालवायला तो गोड आहे, खोटं कशाला बोलू. पण रुंदीसाठी जिथं जिथं डोंगराचा पाय कापला तिथं नव्या दरडी जन्मल्या. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठाच्या घरांना भेगा गेल्या, ज्या गावात आम्ही रात्रीचा मुक्काम करायचो. हृषीकेश-कर्णप्रयाग रेल्वेचंही काम चालू आहे, सव्वाशे किलोमीटर, त्यातली बहुतेक बोगद्यातून. माझ्या नातवाला कदाचित पहाड दिसणारच नाही, अंधारातून तो थेट कर्णप्रयागला निघेल.

गोमुखही जागेवर नाही. १९३५ पासून भूवैज्ञानिकांनी खुणा करून मोजमाप ठेवलंय. १९९६ पर्यंत ते साडेअकराशे मीटरच्या आसपास मागं गेलं, वर्षाला सरासरी एकोणीस मीटर. मजबूत माणसं गंगोत्रीहून अठरा किलोमीटर चालून तिथं जातात. आमच्यातला एक तरणा दुसऱ्यांदा गेला तेव्हा परत येऊन म्हणाला, 'मामा, गंगा मागं सरकली.' माझ्या गावात बोअर दरवर्षी खोल जातो. दोन्हीकडचं पाणी एकाच दिशेनं हटतंय, एवढं मला कळतं.

याच रस्त्यानं झालेला एक प्रवास मी मुलाला नेहमी सांगतो. केदारनाथचे रावल, म्हणजे मुख्य पुजारी, वीरशैव परंपरेतले. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, ते नांदेडला होते आणि कपाटं उघडायची वेळ जवळ आली होती. विमानं, आगगाड्या बंद. ते मोटारीनं निघाले आणि रिकाम्या देशातून उखीमठाला पोचले. तिथं पोचल्यावर विलगीकरणात राहिले. २९ एप्रिलला केदारनाथची कपाटं उघडली, ती इतर पुजाऱ्यांच्या हातून. दोन हजार किलोमीटर येऊनही देवापुढं थेट धावता आलं नाही. रस्ता झाला म्हणून पहाडाचे नियम सुटत नाहीत, आणि तिथला मुख्य पुजारीही त्याला अपवाद नाही.

म्हणून मुलाच्या गाडीचा कार्यक्रम मीच लिहून देतो. ओंकारेश्वर, उज्जैन, मथुरा, हरिद्वार हे त्याचं त्यानं ठरवावं. वरचं माझ्या हातात. चढताना पिपलकोटीला एक पूर्ण दिवस मुक्काम, काही न करता. केदारच्या आधी गुप्तकाशीला तसाच. प्रवासी कुरकुरतात, भाडं वाया जातंय म्हणतात, दुसऱ्या गाड्या दोन दिवस कमी घेतात हेही दाखवतात. त्यांना दाखवू द्यावं. आणि अधिक मास असो, रजा असो, कोणी कितीही पैसे देवो, ५ जूनला गाडी बाळापुरात उभी पाहिजे. मावंदं नंतर सवडीनं होईल, पेरण्या आटोपल्यावर, औंढ्याच्या नागनाथाला गंगा घालून.